ताबुतावर उगवणारा हळीव : नाशिकचा मोहरम सोप्या शब्दांत

६ जुलै २०२५, रविवार. आषाढी एकादशी होती, त्यामुळे पहाटेपासून फोनवर विठोबाची चित्रं येत होती. दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी चंद्र-चांदणीचं हिरवं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा'. दहा मिनिटांत दुसऱ्यानं विचारलं, "हा सण असतो की दुखवटा?" तिसरा म्हणाला, शुभेच्छा द्यायच्या नसतात. चौथ्यानं विचारलं, दुखवटा असेल तर मिरवणुकीत ढोल का वाजतात? पाचव्यानं कुठूनतरी आलेला मजकूर पुढे ढकलला, की मोहरमच्या मिरवणुकीत निघणारा ताबूत, म्हणजे कबरीची प्रतिकृती, इस्लामला मंजूरच नाही.

प्रश्न सगळे खरे होते आणि विचारणारी माणसं भली होती. मी जुन्या नाशकात वाढले. आमच्या वाड्यापासून चौक मंडई आणि दूध बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मोहरमचे दहा दिवस लहानपणी अंगवळणी पडलेले. पण 'का' हा प्रश्न मलाही फार उशिरा पडला. तो पडल्यावर जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते इथे एकेक करून मांडते.

आधी करबलाची गोष्ट

मोहरम हे सणाचं नाव नाही, महिन्याचं आहे. मराठी पंचांगात जसा चैत्र, तसा हिजरी, म्हणजे इस्लामी, पंचांगात मोहरम हा पहिला महिना. अरबीत या शब्दाचा अर्थ निषिद्ध, पवित्र असा होतो. वर्षातले चार महिने युद्ध करायचं नाही, असा अरबांचा जुना दंडक होता आणि मोहरम त्यातला एक. नेमक्या याच महिन्यात करबला घडलं.

साल इसवी सन ६८०, हिजरी ६१. दमास्कसच्या गादीवर यझीद बसला होता. प्रेषित मुहम्मदांचे नातू इमाम हुसेन यांनी आपल्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असा त्याचा हट्ट होता. हुसेन यांनी ती घेतली नाही. इराकातल्या कूफा शहरातून त्यांना बोलावणं आलं, 'या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत'. ते बायकामुलांसह निघाले. कूफ्याच्या लोकांची पुढे हिंमत झाली नाही आणि वाटेत करबलाच्या मैदानात फौजेनं त्यांना अडवलं. फरात (युफ्रेटिस) नदी समोर वाहत होती, पण सातव्या तारखेपासून त्यांचं पाणी तोडण्यात आलं. दहाव्या दिवशी एकेक करत सगळे लढणारे पुरुष मारले गेले. परंपरा त्यांची संख्या ७२ सांगते. हुसेन यांचे सावत्र भाऊ अब्बास मुलांसाठी पखालीत पाणी भरून आणताना पडले. सहा महिन्यांच्या अली असगरला बाण लागला. मागे उरलेल्या बायकामुलांना कैद करून दमास्कसला नेलं, आणि तिथे भर दरबारात हुसेन यांची बहीण झैनब यझीदला तोंडावर बोलली. ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

या दहाव्या दिवसाला आशूरा म्हणतात. आपल्याकडे कॅलेंडरवर 'मोहरम' म्हणून सुट्टी छापलेली असते ती या दिवसाची.

गोष्ट एवढी सविस्तर सांगितली त्याला कारण आहे. मोहरमातली जवळजवळ प्रत्येक रीत या गोष्टीतल्या एखाद्या वस्तूला धरून आहे. शरबत वाटतात, कारण तहान. निशाण निघतं, कारण अब्बास हुसेन यांचे निशाणबरदार, म्हणजे झेंडा धरणारे, होते. काही ठिकाणी रिकामा पाळणा निघतो, तो अली असगरचा. सजवलेला घोडा निघतो, त्यावर स्वार नसतो. लोक त्याला दुलदुल म्हणतात, पण हुसेन यांच्या घोड्याचं नाव झुलजनाह सांगितलं जातं. दुलदुल हे त्यांच्या घराण्यातल्या खेचराचं नाव, लोकांच्या तोंडी तेच बसलं. गोष्ट मनात असली की मिरवणूक वाचता येते. नसली की नुसती गर्दी दिसते.

तारीख दरवर्षी मागे का सरकते?

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. बारा चांद्रमहिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. मराठी पंचांगाचे महिनेही चंद्राचेच, पण आपल्याकडे साठलेली तूट भरून काढायला दर पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना टाकतात. घड्याळ मागे पडलं की काटा पुढे सरकवावा तसं. म्हणून दिवाळी कायम शरदातच येते. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो.

आता गंमत पाहा. हिजरी महिना चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. त्यामुळे मोहरमची दहावी तारीख दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मराठी महिन्याच्या शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आसपासच पडते. २०२५ साली तो महिना आषाढ होता, म्हणून आशूरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. योगायोग खरा, पण हिशेबातून आलेला. २०१८ ते २०२० या तीन वर्षी तो महिना भाद्रपद होता, म्हणून गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. कोल्हापूर भागात तर तेव्हा तालमींमध्ये गणपती आणि मोहरमचे पीर शेजारी शेजारी बसले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यानं एकादशी पुढे ढकलली जाऊन २५ जुलैला येते आणि आशूरा जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे एक वर्ष हातात हात घालून आलेले दोन दिवस पुढच्याच वर्षी महिनाभर लांब.

आणखी एक बारकावा. मुसलमानांमधला बोहरा समाज चंद्र दिसण्याची वाट न पाहता गणितानं बांधलेलं पंचांग पाळतो, त्यामुळे त्यांचा मोहरम बहुधा एक-दोन दिवस आधी असतो. नाशकातले बोहरा दुकानदार त्या दिवसांत दुकान बंद ठेवून सकाळी प्रवचनाला जाताना दिसतात, तेव्हा शेजारचे विचारतात, "तुमचा मोहरम आजच कसा?" तो असा.

काही शब्द एकदाच समजून घेऊ

ताबूत म्हणजे अरबीत पेटी, शवपेटी. ताझिया म्हणजे सांत्वन. दोन्ही शब्द आपल्याकडे एकाच वस्तूला वापरतात: हुसेन यांच्या कबरीवरच्या वास्तूची प्रतिकृती. बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ, पतंगी कागद आणि बेगड, एवढ्या सामानातून घुमट-मिनार उभे राहतात. काही भागांत ताबुताला डोला म्हणतात. पंजा म्हणजे धातूचा हात. त्याची पाच बोटं म्हणजे मुहम्मद, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली आणि नातू हसन-हुसेन. काठीवर बसवलेला पंजा खेड्यात 'पीर' होतो आणि तो घेऊन निघणं म्हणजे सवारी. नवव्या दिवसाची रात्र म्हणजे 'कत्तल की रात'. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ती रात्र खरं तर दहाव्या दिवसाचीच असते. आणि ताबुताचं 'विसर्जन' म्हणत नाहीत. ताबूत 'ठंडा' करतात. नदीवर, विहिरीवर किंवा गावानं 'करबला' म्हणून ठरवलेल्या जागी नेऊन पाणी शिंपडतात किंवा बुडवतात.

हालोंचा ताबूत

आता नाशिकबद्दल. सारडा सर्कलजवळ इमामशाही नावाचं ठिकाण आहे. तिथला मानाचा ताबूत कागदाचा किंवा बेगडीचा नसतो. तो हिरवा असतो आणि तो रंग लावलेला नसतो, उगवलेला असतो. बांबूच्या सांगाड्यावर कापूस, कापसावर बी, रोज पाणी, आणि दहा दिवसांत सगळा ताबूत कोवळ्या रोपांनी झाकून जातो. त्याला 'हालोंचा ताबूत' म्हणतात. कित्येक पिढ्या हे चालत आलं आहे.

हालों म्हणजे काय हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. कुठल्यातरी पवित्र झाडाचं नाव असेल असं वाटायचं. मग एकदा भद्रकालीत मसाल्याच्या दुकानात एक बाई "पाव किलो हालों" मागताना ऐकलं आणि दुकानदारानं ज्या डब्यात हात घातला त्यावर मराठीत 'हळीव' लिहिलेलं होतं. माझ्या बाळंतपणात आईनं ओल्या नारळात आणि गुळात ज्याचे लाडू करून घातले, तोच हळीव.

ताबुतासाठी हळीवच का, हे कळायला प्रयोग केला. करून पाहण्यासारखा आहे, चमचाभर बी लागतं. काचेच्या बाटलीभोवती कापसाची जाडसर पट्टी गुंडाळली, वरून सुती दोरा बांधला आणि पाण्यात भिजवली. हळिवाचे लालसर दाणे वाटीत भिजत घातले. पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर फुगला. हळिवाची खीर करणाऱ्याला तो ओळखीचा आहे. मग दाणे बोटांनी कापसावर लावले. बाटली उभी, तरी एकही दाणा खाली घसरला नाही.

मर्म त्या चिकट थरात आहे. गहू किंवा मूग उभ्या भिंतीवर ठेवले तर गळून पडतील, त्यांना माती लागते, आडवी जागा लागते. हळिवाचा दाणा स्वतःची खळ स्वतःच घेऊन येतो, आणि त्याच थरात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मातीशिवाय रुजतो. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड आले. तिसऱ्या दिवशी मुळं कापसात शिरली. पाचव्या दिवशी बाटली पोपटी दिसायला लागली आणि आठवड्यात बोटभर उंचीचं दाट गवत झालं. हात फिरवला तर मोहरीसारखा तिखट वास येतो.

म्हणजे पहिल्या-दुसऱ्या तारखेला पेरलं तर दहाव्या तारखेला ऐन भरात. ज्या कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याला बी, पाणी, दिवस आणि हवा यांचा पक्का अंदाज होता. आणि मोहरम ऋतू बदलत फिरतो हे लक्षात घेतलं तर काम आणखी अवघड. मे महिन्यात कापूस दुपारपर्यंत कोरडा पडणार, पावसाळ्यात बुरशी धरणार, थंडीत रोप हळू वाढणार. दर वर्षी हात वेगळा ठेवावा लागतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते पेरणाऱ्या घरांच्या बोटांत आहे, आणि मला या साऱ्या परंपरेत सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना एव्हाना घट आठवला असेल. घटस्थापनेला शेतातली काळी माती आणून त्यात धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी घालायचं, दसऱ्याला पिवळे-पोपटी कोंब टोपीत खोवायचे. इराणात नवरोजच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, आधी काही घरांत मातीच्या सुरईवर हळिवाचंच बी चिकटवून उगवतात. एकानं दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. पण धान्य रुजवून दिवस मोजायचे आणि जे उगवलं ते श्रद्धेच्या ठिकाणी वाहायचं, ही शेतकऱ्याची भाषा आहे. करबलाच्या वाळवंटातल्या दुःखाला गोदाकाठच्या माणसानं आपल्या या भाषेत उत्तर दिलं. पाणी तोडलेल्या माणसाच्या कबरीची प्रतिकृती दहा दिवस पाणी घालून हिरवी करायची, यापरता नेमका शोक मला तरी सुचत नाही.

शरबत आणि खिचडा

सबील म्हणजे रस्त्यावर मांडलेली फुकट पाण्याची किंवा शरबताची सोय. येणाऱ्या-जाणाऱ्याला जात-धर्म न विचारता द्यायचं, एवढाच नियम. दुधाचं शरबत, वर तरंगणारा सब्जा, बर्फाची लादी फोडल्याचा आवाज, स्टीलच्या पिंपाला बाहेरून सुटलेला घाम: मोहरम उन्हाळ्यात आला की जुन्या नाशकाच्या गल्लीगल्लीत हे असतं. खिचडा म्हणजे गहू, डाळी आणि मटण रात्रभर शिजवून घोटलेला पदार्थ. मोठ्या देगीत करतात आणि घरोघरी पाठवतात. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी मटण न घालता वेगळं पातेलं लावणाऱ्या खाला आमच्या गल्लीत होत्या. पातेलं आईच्या हाती देताना त्या नेहमी एकच वाक्य म्हणायच्या, "ताई, यात काही नाही हां, बिनधास्त खा." आई पातेलं रिकामं परत पाठवत नसे, गूळ-शेंगदाणे घालून द्यायची.

हे सगळं महाराष्ट्रात आलं कसं?

मुसलमानांमध्ये शिया आणि सुन्नी असे दोन मोठे प्रवाह आहेत. प्रेषितांनंतर नेतृत्व कुणाकडे जावं, या प्रश्नावर ते वेगळे झाले. शियांसाठी करबला हा श्रद्धेचा गाभा आहे. भारतात बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत, नाशकातही तसंच. तरी ताबूत इथे बहुतेक ठिकाणी सुन्नी काढतात आणि मानकरी हिंदूही असतात. हे कसं?

उत्तर दख्खनच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही या तिन्ही दरबारांनी शिया पंथ स्वीकारला. दरबारात मोहरम पाळला जाऊ लागला की गावागावांत पाटील, देशमुख, बलुतेदार सगळ्यांना त्यात काम आणि मान मिळाला. सुताराकडे सांगाडा, कुंभाराकडे धुपाटणं, वाजंत्र्याकडे ताशा. दरबारं गेली, मान राहिले. पुढे मराठ्यांच्या राज्यातही ताबूत निघत राहिले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबाराचा ताझिया प्रसिद्ध होता. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत आजही पाहायला लोक लांबून जातात. अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) कोठल्याच्या बारा इमामांच्या सवाऱ्या निघतात. आणि ज्या गावात एकही मुसलमान घर नाही, तिथेही पीर बसवणारी हिंदू कुटुंबं मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात आहेत.

हे चित्र गोडच होतं असं सांगणं खोटं ठरेल. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि तोवर ताबुतांत मोठ्या संख्येनं जाणाऱ्या हिंदूंनी १८९४ साली ताबुतांकडे पाठ फिरवली. त्यानंतर अनेक शहरांत दोन मिरवणुका वेगळ्या झाल्या. काही गावांत झाल्या नाहीत. नाशकात हालोंच्या ताबुताला आजही दोन्हीकडचे खांदे लागतात, म्हणून त्याची किंमत अधिक.

'पण हे इस्लाममध्ये नाही म्हणतात'

ही शंका बाहेरचे घेतात त्याहून जास्त मुसलमानांच्या घरातच घेतली जाते. सुन्नींमधल्या देवबंदी आणि अहले-हदीस विचारांचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, ताबुताला स्पष्ट विरोध करतात. सुन्नींच्याच बरेलवी परंपरेतल्या अनेकांनीही आजच्या स्वरूपातल्या ताझियाला नापसंती दाखवली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुराणात आणि प्रेषितांच्या शिकवणुकीत हे नाही, मागाहून घातलेली भर आहे, आणि वस्तूपुढे नवस बोलणं तर मुळीच बसत नाही. सुन्नी शिकवणुकीत आशूऱ्याला रोजा ठेवण्याचं पुण्य सांगितलं आहे, नववा आणि दहावा असे दोन दिवस. ते अनेकजण ताबुताच्या गर्दीत न जाता घरी पाळतात.

हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो आणि तो मांडणाऱ्यांना कट्टर म्हणून झटकून टाकणं चूक आहे. पण त्यांचा प्रश्न आणि माझा प्रश्न वेगळा आहे. लग्नाचं उदाहरण घ्या. निकाहाला दोघांची कबुली, साक्षीदार आणि मेहर एवढं लागतं. हळद, मेंदी, गाणी, करवल्यांचा रुसवा हे कुठल्याही धर्मग्रंथानं मागितलेलं नाही. हिंदू लग्नातही कानपिळी आणि उखाणे कुठल्या सूत्रात नाहीत. तरी ज्याला लग्न म्हणून आपण आठवतो त्यातला निम्मा भाग तोच असतो. धर्म काय मागतो हे धर्माचे जाणकार सांगतील. गाव काय करतं आणि का करतं, हे समजून घ्यायला गावाकडेच पाहावं लागतं.

'दुखवट्यात ढोल कसे?'

शोकाची रीत सगळीकडे मूकच असते असं नाही. आपल्या खेड्यात पिकलं पान गळालं की टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात, काही समाजांत हलगी वाजते. ती वाजते म्हणून घरच्यांना दुःख नाही असं कुणी म्हणत नाही. शियांच्या मजलिशीत, म्हणजे शोकसभेत, मात्र चित्र पूर्ण वेगळं असतं. काळे कपडे, मर्सिया म्हणजे शोकगीतं आणि छातीवर हात मारत केलेला मातम. तिथे ढोल नसतो. एकाच दिवसाचे हे दोन सूर आहेत. एक घरातल्या मृत्यूसारखा, दुसरा वीराला मानवंदना दिल्यासारखा. दख्खनच्या काही भागांत नवस फेडायला अंगावर पट्टे रंगवून वाघ होऊन नाचतात, त्यामागेही हेच आहे. हुसेन यांचे वडील अली यांना 'शेर-ए-खुदा' म्हणतात, देवाचा सिंह. सिंह कुणी पाहिला नव्हता, वाघ रानात होता.

ढोलाचा आवाज, रस्ता अडणं, रात्री उशीर, या तक्रारी वेगळ्या आणि रास्त आहेत. त्या कुठल्याही मिरवणुकीला लागू होतात, आणि सोडवायच्या त्या मिरवणुकीच्या म्हणूनच, मोहरमच्या म्हणून नव्हे.

'ही गणपतीची नक्कल नाही का?'

दहा दिवस, मांडव, मिरवणूक, शेवटी पाणी. सारखेपणा डोळ्यांत भरतो खरा. पण सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ च्या सुमाराचा, ताबूत त्याच्या कितीतरी आधीपासून निघत होते. सुरुवातीच्या गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी उलट ताबुतांच्या मेळ्यांकडून पुष्कळ घेतलं. आणि दहा दिवस दोघांचे वेगळ्या कारणानं आहेत. मोहरमचे करबलाच्या घटनेवरून, गणपतीचे चतुर्थी ते चतुर्दशी या तिथींवरून. एकाच रस्त्यावर राहणारी माणसं एकमेकांची सजावट पाहतात, वाजंत्री तेच असतात, बांबू त्याच वखारीतून येतो. इतकं झाल्यावर दोन्ही मिरवणुकांची चाल थोडी सारखी होणारच.

'हिंदू तिथे का जातात?'

माझी आजी का जायची ते सांगते. माझा थोरला काका लहानपणी वरचेवर आजारी पडायचा. शेजारणीनं सांगितलं म्हणून आजीनं त्याला ताबुताखालून काढलं आणि बरा झाला तर दर वर्षी पाच वर्षं रेवड्या वाहीन असं बोलली. काका कशानं बरा झाला हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांचं औषधही चालूच होतं. आजीनं पाच वर्षं रेवड्या वाहिल्या आणि सहाव्या वर्षी थांबली नाही. तिला करबला कुठे आहे हे माहीत नव्हतं. "कुणा आईची लेकरं तहानेनं गेली, त्यांचं आहे," एवढंच ती म्हणायची. सप्तशृंगीला जाताना ती जी टोपली न्यायची, तीच टोपली ताबुताला न्यायची.

पुढे काही वर्षांनी घरात यावरून वाद झाला. आपल्यातलं कुणी आता तिकडे जायचं नाही, असं एका जवळच्या नातेवाइकानं आजीला ऐकवलं. आजी वाद घालत बसली नाही. तिनं मला रेवड्यांचा पुडा दिला आणि म्हणाली, "जा, तू देऊन ये." मी दहा वर्षांची होते. गर्दीत हात वर करून पुडा एका दादाकडे दिला, त्यानं तो टेकवला, मोरपिसांचा कुंचा माझ्या डोक्यावरून फिरवला आणि निम्म्या रेवड्या परत माझ्या ओंजळीत घातल्या. घरी आल्यावर आजीनं त्या मोजून सगळ्यांना वाटल्या, त्या नातेवाइकालासुद्धा, आणि त्यांनी खाल्ल्या.

मग शुभेच्छा द्यायच्या की नाही?

'हार्दिक शुभेच्छा', 'मोहरम मुबारक' असं आशूऱ्याला म्हणू नये. शिया मित्राला ते टोचेल, बहुतेक सुन्नी मित्रांनाही विचित्र वाटेल. कुणी चुकून म्हटलंच तर रागावू नका, माहीत नसतं एवढंच. मोहरमची पहिली तारीख हा हिजरी नववर्षदिन, त्या दिवशी काहीजण नव्या वर्षाचं अभिष्टचिंतन करतात, पण शिया घरांत तेव्हाच शोक सुरू झालेला असतो. काही लिहायचंच असेल तर 'इमाम हुसेन यांच्या बलिदानाचं स्मरण' असं लिहा. काही न लिहिता सबीलवर थांबून शरबत घेतलंत तरी चालतं. नको म्हणू नका, कारण तिथे पाजणाऱ्याला पुण्य मिळतं ते पिणाऱ्यामुळे.

ताबूत पाहायला जायचं असेल तर गाडी लांब लावून चालत जा, जुन्या नाशकाच्या गल्ल्या अरुंद आहेत. फोटो काढण्याआधी जवळच्या माणसाला विचारा. लहान मूल बरोबर असेल तर त्याला हिरव्या रोपांच्या जवळ न्या आणि वास घ्यायला सांगा. घरी आल्यावर डब्यातला हळीव दाखवा. बाटली, कापूस, दोरा एवढंच लागतं, आणि पहिले दोन दिवस कापूस सुकू द्यायचा नाही.